सहापर्यंतचा पाढा

एका गावात एक भिंत होती. आता तुम्ही म्हणाल, भिंत कुठल्या गावात नसते? पण ही भिंत साधी नव्हती, ती शाळेची होती. शाळाही साधी नव्हती, खासगी होती. तिच्या पाटीवर नाव इतकं लांब लिहिलेलं होतं की पहिलीतली पोरं ते वाचायला लागत आणि शेवटाला येईपर्यंत घंटा होई.

या शाळेत वर्षाच्या शेवटी एक मोठा समारंभ व्हायचा. पताका लागायच्या, बँड वाजायचा, बालवाडीतली पोरं झाडं होऊन नाटक करायची आणि त्यातलं एखादं झाड हमखास मध्येच खाली बसून रडायला लागायचं. पण गाव लोटायचं ते नाटकासाठी नाही. गाव लोटायचं भिंत वाचायला.

त्याचं असं होतं. दरवर्षी ही लांबलचक भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र रंगवायची आणि तिच्यावर गेरूच्या लाल अक्षरांत शाळेतल्या प्रत्येक मुलाची एक ओळ लिहायची. पहिला नंबर, दुसरा नंबर असलं काही नाही. गेल्या वर्षी जे येत नव्हतं आणि यंदा येतं, तेवढंच. 'मंदा, इयत्ता पहिली. आईचा हात सोडून वर्गात जाते.' 'बाबू, इयत्ता तिसरी. वर्षभरात चष्मा हरवला नाही.' अशी ती ओळ. समारंभाच्या दिवशी मूल आपल्या ओळीखाली उभं राहायचं, आई त्याला ओवाळायची आणि मग सगळे जिलबीच्या दिशेनं निघायचे. पुढं वर्षभर ती ओळ तशीच राहायची. येणाराजाणारा वाचायचा. मूल थोडं उंच चालायचं.

पण एक भानगड होती. काही मुलांच्या बाबतीत बाईंना काहीच सुचत नसे. मूल चांगलं असायचं हो, पण गाणं नाही, चित्र नाही, धावणं नाही. मग त्यांच्या नावापुढं एक ठरलेली ओळ पडायची, 'नियमित आला' नाहीतर 'नियमित आली'. म्हणजे लग्नात जेवायला बोलवावं आणि जेवणाऱ्याचं कौतुक म्हणून 'पानावर बसला' असं सांगावं, त्यातला प्रकार.

कुमुदच्या नावापुढं तिसरीत हीच ओळ पडली होती. 'कुमुद, इयत्ता तिसरी. नियमित आली.'

झालं! पोरांना तेवढंच पुरलं. "ए नियमित, खो-खो खेळायला येतेस का?" "ए नियमित, पेन्सिल दे." एकदा तर ती तापानं दोन दिवस घरी राहिली, तर वर्गातला आगाऊ सदानंद म्हणाला, "आता भिंतीवरचं खोडा!" कुमुद हसली सगळ्यांबरोबर. पण घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. आईनं विचारलं तर म्हणाली, डोळ्यात कचरा गेलाय. दोन्ही डोळ्यांत एकदम कचरा जात नाही, हे आईला ठाऊक होतं. ती उशाशी बसून तिला थोपटत राहिली.

चौथीत गेल्यावर कुमुदनं मनाशी ठरवलं, यंदा ओळ मिळवायचीच. आणि अशी मिळवायची की सदानंदाची दातखीळ बसली पाहिजे.

तिनं निवडला एकोणतीसचा पाढा.

तुम्ही कधी पाठ केलाय? वीसपर्यंतचे पाढे माणूस झोपेतही म्हणतो. पंचवीसचा गोडच असतो. तीसचा तर फुकटचा, तीनचा म्हणायचा आणि शून्य लावायचं. पण एकोणतीस म्हणजे अंगणातलं मांजर, धरायला गेलं की सुळकन निसटतं. चौथीच्या वर्गात तो कुणालाच येत नव्हता.

चौथीच्या बाई स्वभावानं अगदी मऊ. त्या खूश झाल्या. "कर पाठ, मी तुझी तीच ओळ देते," म्हणाल्या.

मग काय विचारता! कुमुद दात घासताना एकोणतीस, वेणी घालताना एकोणतीस. आई पोळ्या करायची आणि ही बाजूला बसून सुरू. आई म्हणायची, "पुरे गं बाई, तुझ्या पाढ्याच्या नादात माझी पोळी करपते." चांगले पंचेचाळीस दिवस पोर नुसती पाढ्यात होती. एकोणतीस एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी, चोक एकशे सोळा, पंचे एकशे पंचेचाळीस, सक एकशे चौऱ्याहत्तर. इथपर्यंत गाडी कशी सुसाट यायची! आणि सातावर आली की खाड्कन थांबायची. "एकोणतीस साते... एकशे... दोनशे... एकशे..." की पुन्हा पहिल्यापासून. आठ, नऊ, दहा तर मग लांबच राहिले. सातच्या घरात तिला कुणी आत घेईना.

आईनं मात्र उत्साहाच्या भरात आपल्या वडिलांना पत्र धाडलं. 'आबा, यंदा तुमच्या नातीची ओळ सगळ्या शाळेत भारी आहे. समारंभाला याच.' आबा तीन तासांच्या वाटेवरच्या गावात मोगऱ्याची बाग करायचे. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. पत्र त्यांनी पोस्टमनकडून वाचून घेतलं, मग दुकानदाराकडून वाचून घेतलं, मग शेजाऱ्याकडून. तीनदा तेच ऐकून त्यांची खात्री पटली आणि त्यांनी धोतर धुवायला टाकलं.

आता ऐका, चूक कुठं झाली ते. पूर्वी भिंत समारंभाच्या आदल्या दिवशी रंगवायचे. पण मागच्या वर्षी गेरू ओला राहिला आणि आठ-दहा आयांच्या ठेवणीतल्या साड्यांना पाठीमागून पोरांची नावं लागली. एकीच्या पाठीवर तर 'पोहायला येतं' एवढंच उमटलं होतं आणि ती ते घेऊन गावभर फिरली. मोठी बोलाबोली झाली. तेव्हा शाळेच्या अध्यक्षसाहेबांनी हुकूम काढला, यंदापासून भिंत दहा दिवस आधी रंगवायची म्हणजे खडखडीत वाळेल.

साड्यांचा प्रश्न सुटला. पण तोंडी परीक्षा समारंभाच्या चार दिवस आधी! म्हणजे परीक्षेच्या आधीच निकाल भिंतीवर. हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. चौथीच्या बाईंनी रंगारीकाकांना यादी दिली. त्यात लिहिलं, 'कुमुद, इयत्ता चौथी. एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणते.' बाईंनी विचार केला, आज ना उद्या म्हणेलच की पोर. रंगारीकाकांनी झकास अक्षरात लिहून टाकलं.

आणि परीक्षेच्या दिवशी कुमुद उभी राहिली. एकोणतीस एके पासून सक एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत आली. सातावर थांबली. बाईंनी मान हलवून धीर दिला. कुमुदनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा सातावर थांबली. तिसऱ्यांदा तर तिला सहाच्या आधीच रडू फुटलं.

बाईंनी तिला जवळ घेतलं. "रडू नकोस गं. सुट्टीत होईल पाठ. भिंतीवर काय लिहिलंय ते लिहिलंय. कुणी विचारणार आहे का तुला?"

"पण बाई, मला येत नाही ना."

"येईल. नक्की येईल. जा, डबा खा."

बाईंचं बोलणं खोटं नव्हतं. इतक्या वर्षांत समारंभात कुणी कुणाला ओळीवरून काही विचारलं नव्हतं. लोक वाचायचे, 'वा वा' म्हणायचे आणि जिलबीकडे जायचे. कुमुदनं डबा उघडला. पण तसाच पुन्हा झाकून ठेवला.

समारंभाचा दिवस उजाडला. आबा सकाळच्या गाडीनं हजर. पांढरं धोतर, डोक्याला फेटा आणि अंगाला मोगऱ्याचा वास, तो तर त्यांच्या अंगातच मुरलेला. आल्या आल्या त्यांनी नातीचा पापा घेतला. "कुठाय गं तुझी ओळ?"

"आधी नाटक, मग भाषणं, मग भिंत," आई म्हणाली.

नाटक झालं. यंदा रडणारं झाड दुसरं होतं, एवढाच फरक. मग अध्यक्षसाहेबांचं भाषण झालं. अध्यक्षसाहेब माणूस चांगला, पण माइक हातात आला की तो सोडवत नसे. शाळेला नळ कसा आणला इथपासून त्यांनी सुरुवात केली. मग पाहुण्या बोलल्या. त्या तालुक्याच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या मोजून चार वाक्यं बोलल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मग बँड वाजला. सगळी मुलं पळत पळत आपापल्या ओळीखाली जाऊन उभी राहिली.

कुमुदही गेली. पण पळत नाही.

आई हातात निरांजनाचं तबक घेऊन तयार होतीच. आबा भिंतीसमोर उभे राहिले. मान वर करून त्यांनी त्या लाल अक्षरांकडे असं पाहिलं, जसं माणूस देवळाच्या कळसाकडे पाहतो. मग कुमुदकडे वळून म्हणाले, "बाळ, मला काही ही अक्षरं कळायची नाहीत. तूच वाचून दाखव."

कुमुदनं भिंतीकडे तोंड केलं. आणि वाचलं, "कुमुद. इयत्ता चौथी. एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणते."

"एकोणतीसचा!" आबांनी दोन्ही हात वर केले. "अगं, आमच्या गावात तलाठ्यालासुद्धा येत नसेल!"

झालं, आबा सुटले. शेजारच्या मुलाच्या बापाला धरून म्हणाले, "ही माझी नात बरं का. एकोणतीसचा पाढा. न अडखळता." बँडवाल्याला सांगितलं. जिलबी तळणाऱ्याला सांगितलं. त्यानं हातात झारा घेऊनच नमस्कार केला. सरबताच्या पिंपापाशी सांगितलं. बालवाडीतल्या त्या रडणाऱ्या झाडालाही सांगितलं आणि ते आणखी रडायला लागलं.

कुमुद ओळीखाली उभी. आईनं ओवाळलं, कुंकू लावलं, साखर हातावर ठेवली. साखर तिला कडू लागली. खरं सांगते, इतकी कडू साखर तिनं जन्मात खाल्ली नव्हती. तिला वाटलं, 'नियमित आली'च बरी होती. ती निदान माझी तरी होती.

तेवढ्यात आबा परत आले. आणि एकटे नाही, तर खुद्द अध्यक्षसाहेब आणि डॉक्टरीणबाई यांना सोबत घेऊन! मागं मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या मागं गणिताचे मास्तर, चौथीच्या बाई आणि पन्नासेक माणसं.

"वाचा, साहेब," आबा म्हणाले.

अध्यक्षसाहेबांनी मोठ्यानं वाचलं आणि छाती फुगवून पाहुण्यांकडे वळले. "पाहिलंत? चौथीत एकोणतीस! आमच्या शाळेत असंच असतं."

"वा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून दाखवतेस का गं?"

कुमुदनं चौथीच्या बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा चुन्यासारखा झाला.

पण नशीब पाहा. अध्यक्षसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "छे छे, लेकराला उगाच कशाला त्रास? भिंतीवर लिहिलंय म्हणजे येतंच. चला, चला, मसालेभात गार होतोय."

आणि सगळे वळले! डॉक्टरीणबाई वळल्या, मोठ्या बाई वळल्या, माणसं वळली. चौथीच्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. संकट आलं तसं टळलं. आता कुमुदला विचारणारं दुनियेत कुणी उरलं नव्हतं. गप्प राहायचं आणि मसालेभात खायचा, एवढंच काम.

आबा मात्र तिथंच थांबले. खाली वाकून तिला म्हणाले, "बाळ, परत एकदा वाच गं. सावकाश वाच. गावी गेल्यावर मला जसंच्या तसं सांगायचंय. एक शब्द इकडचा तिकडं व्हायला नको."

कुमुदनं वर पाहिलं. अक्षरं तीच होती. समोर आबा होते. तिनं काहीही वाचलं असतं तरी त्यांनी खरं मानलं असतं. 'कुमुदला विमान चालवता येतं' असं वाचलं असतं तरी त्यांनी गावभर विमानाचं सांगितलं असतं. ज्या माणसाला वाचता येत नाही, त्याला खोटं वाचून दाखवायचं? तिला ते जमेना. तोंड उघडलं, पण पाढा जसा सातावर अडायचा तसं ते वाक्य गळ्यात अडलं.

"आबा," ती म्हणाली, "ही ओळ खोटी आहे. मला तो पाढा येत नाही. सातावर अडतो."

रडत रडत बोललं की आवाज जरा मोठाच निघतो. सगळी वळलेली माणसं पुन्हा वळली. बँडवाल्याचा ढोल मध्येच थांबला. आईच्या हातातलं तबक कलंडलं आणि निरांजन विझलं.

चौथीच्या बाई गर्दीतून पुढं आल्या. त्याही रडत होत्या. "मोठ्या बाई, तिची चूक नाही. मीच परीक्षेच्या आधी ओळ दिली. आणि नंतर तिला गप्प राहायला सांगितलं."

मोठ्या बाईंनी दोघींकडे पाहिलं. त्या कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांची सावली दिसली तरी पोरं रांगेत उभी राहायची. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी कुमुदला विचारलं, "सातावर अडतो. म्हणजे सहापर्यंत येतो?"

"हो."

"म्हण."

कुमुदनं डोळे पुसले आणि म्हटलं. एके एकोणतीसपासून सक एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत. एकदाही अडखळली नाही.

"गेल्या वर्षी येत होता का?"

"गेल्या वर्षी बाराच्या पुढं काहीच येत नव्हतं."

"मग झालं की!" मोठ्या बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी येत नव्हतं ते यंदा येतं. रंगारीकाका, आहात का?"

रंगारीकाका होतेच. समारंभाला ते गेरूचा डबा आणि चुन्याची बादली घेऊनच यायचे. कारण दरवर्षी कुणा ना कुणाच्या बापाला आपल्या पोराचं नाव शेजाऱ्याच्या पोराच्या नावापेक्षा बारीक वाटायचं. काकांनी जिलबीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात धोतराला पुसले आणि कुंचला उचलला.

"लिहा," मोठ्या बाई म्हणाल्या. "कुमुद, इयत्ता चौथी. एकोणतीसचा पाढा सहापर्यंत येतो."

"अहो, थांबा थांबा!" अध्यक्षसाहेब पुढं धावले. "सहापर्यंत म्हणजे काय? भिंत वर्षभर राहते. लोक काय म्हणतील, या शाळेत अर्धे पाढे शिकवतात? पाहुण्यांच्या देखत शाळेची शोभा! अहो, सहापर्यंतचा पाढा हा काय पाढा झाला? सात, आठ, नऊ, दहा काय शेजारच्या शाळेत जाऊन म्हणायचे?"

दोन-चार लोक हसले. कुमुदनं मान खाली घातली.

आणि तेव्हा आबांनी तोंड उघडलं. हे लक्षात घ्या, आबांच्या मनात काही कपट नव्हतं. सरळ माणूस. डोक्यावरचा फेटा नीट करत त्यांनी अगदी आदरानं विचारलं, "साहेब, मी आपला अडाणी. मला सहापर्यंतचंही ठाऊक नाही. पण माझी नात ज्या सातावर अडते, तिथं येतं तरी काय, एवढं सांगता का?"

"सातावर?" अध्यक्षसाहेब म्हणाले. "सातावर ना? सोपं आहे. एकोणतीस साते..."

आणि थांबले.

"एकोणतीस साते..." ते पुन्हा म्हणाले. मग डोळे मिटले. मग उजव्या हाताची बोटं कोटाच्या खिशात गेली आणि खिसा हळूहळू हलायला लागला. सगळ्यांना कळलं, साहेब आत बोटं मोजताहेत.

"एकशे त्र्याण्णव!" मागून कुणीतरी ओरडलं.

"छट्! दोनशे तेरा," दुसरा म्हणाला.

"दोनशे तेरा कसे होतील? एकोणतीस म्हणजे..." तिसरा म्हणाला आणि तोही 'म्हणजे'पाशीच राहिला.

लोक डॉक्टरीणबाईंकडे पाहायला लागले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "माझ्याकडे बघू नका. मी तर सकाळ-दुपार-संध्याकाळ इतकंच मोजते."

बँडवाल्यानं ढोलावर हलकेच थापा मारून मोजायचा प्रयत्न केला. जिलबीवाला हवेत झाऱ्यानं आकडे लिहीत होता. गणिताचे मास्तर एका कोपऱ्यात गालातल्या गालात हसत उभे होते. त्यांना उत्तर ठाऊक होतं. पण इतकी मजा त्यांना अख्ख्या वर्षात मिळाली नव्हती, ते कशाला सांगताहेत?

आणि मग हसू फुटलं. आधी डॉक्टरीणबाई हसल्या, मग मोठ्या बाई हसल्या. मोठ्या बाई हसतात, हे शाळेतल्या बऱ्याच पोरांना त्या दिवशीच कळलं. शेवटी अध्यक्षसाहेबांनी खिशातून हात काढला आणि तेही पोट धरून हसायला लागले. "मी सुद्धा सातावरच अडतो हो," म्हणाले. "चाळीस वर्षं झाली, अडतोय. पण कुणाला सांगितलं नव्हतं."

"पोरीनं सांगितलं," मोठ्या बाई म्हणाल्या.

अध्यक्षसाहेबांनी मान डोलावली. "लिहा, रंगारीकाका. सहापर्यंत लिहा. मोठ्या अक्षरात."

काकांनी जुनी ओळ चुन्यानं पुसली आणि नवी लिहिली. गंमत अशी झाली की सगळी गर्दी त्या एकाच ओळीपाशी जमली. बाकीच्या ओळी लोकांनी वाचून सोडून दिल्या होत्या. ही ओळ मात्र पुन्हा पुन्हा वाचत होते. कारण ती खरी आहे, हे सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी रंगारीकाकांचं धोतर ओढलं. तो आगाऊ सदानंद होता. त्याची ओळ होती, 'सायकल अजिबात न पडता चालवतो.' तो कानात पुटपुटला, "काका, माझ्यात 'अजिबात न पडता'च्या जागी 'दोनदा पडून' करा." काकांनी केलं. मग दोघी जुळ्या बहिणी आपल्या ओळी बदलून घ्यायला आल्या. मग एका मुलाचा बाप चिडला, "आमच्या ओळीला कुणी हात लावायचा नाही!" म्हणाला आणि आपल्या पोराला ओढत घेऊन गेला. असतात अशीही माणसं, त्याला काय करणार? ती ओळ तशीच राहिली.

इकडं कुमुद भिंतीला पाठ टेकून एका बाजूला उभी होती. ओठ हलत होते. कुणाचं लक्ष नव्हतं, फक्त आबांचं होतं. पोर बोटांवर काहीतरी जुळवत होती. "एकशे चौऱ्याहत्तर... त्यात तीस घातले की दोनशे चार... पण एक जास्त झाला, तो काढला की..." आणि एकदम ती उडीच मारून ओरडली, "दोनशे तीन! आबा, दोनशे तीन! एकोणतीस साते दोनशे तीन!"

सगळ्यांनी गणिताच्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. "बरोबर. दोनशे तीन."

काय टाळ्या पडल्या म्हणता! आईनं निरांजन पुन्हा पेटवलं. बँडवाल्यानं ढोल असा बडवला की बालवाडीतली सगळी झाडं नाचायला लागली. चौथीच्या बाईंनी कुमुदला उचलूनच घेतलं. अध्यक्षसाहेब तर 'दोनशे तीन, दोनशे तीन' असं घोकतच राहिले, पुन्हा विसरायला नको म्हणून.

रंगारीकाका खूश होऊन पुढं आले. कुंचला गेरूत बुडवून म्हणाले, "मग पोरी, आता सहाचं सात करू का? एका शब्दाचं तर काम आहे. आत्ता करतो."

सगळे थांबले. कुमुदनं भिंतीकडे पाहिलं. सात लिहिलेलं किती छान दिसलं असतं! आणि या वेळी कुणीही 'खोटं' म्हणालं नसतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. मास्तरांनी बरोबर म्हटलं होतं.

"नको, काका," ती म्हणाली. "सातचं मी मोजून काढलं. पाठ नाही झालं अजून. सहाच राहू द्या."

काकांनी कुंचला खाली ठेवला. अध्यक्षसाहेबांचं घोकणं थांबलं. मोठ्या बाई चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या.

आबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "आता वाच, बाळ," ते म्हणाले.

आणि कुमुदनं मान वर करून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "कुमुद. इयत्ता चौथी. एकोणतीसचा पाढा सहापर्यंत येतो!"

आता तात्पर्य सांगायला हवं, नाहीतर पोरं म्हणतात, गोष्ट अर्धीच सांगितली.

तात्पर्य: सहापर्यंत येत असेल तर सहापर्यंतच सांगावं, खऱ्या सहाला जी मान वर करता येते, ती खोट्या दहाला येत नाही.